टेप क्रमांक चौदा

मार्गदर्शक म्हणाले, भावना लिहू नका, सेकंद लिहा.
म्हणून मी सेकंद लिहिते.
शून्य दशांश चार म्हणजे श्वास.
दोनच्या पुढे गेलं की कुणीतरी दुखावलेलं असतं,
पण मी लिहिते: दोन दशांश एक.

लक्ष्मी रोडवर, गादीच्या कोपऱ्यात रेकॉर्डर ठेवून
दुपारभर बसले होते.
बाई म्हणाल्या, "छान आहे,"
आणि भारदेकाका साडीची घडी घालू लागले.
चाळीस वर्षं त्यांनी कापडाइतकंच हे ऐकलंय:
घ्यायची असली की गिऱ्हाईक खोट काढतं.

खराडीत अकराव्या मजल्यावर
सकाळी नऊ चाळीसला सगळे उभ्यानं बोलतात.
उपाय इंग्रजीत सांगतात,
अडलं की मराठीत अडतात. "अगं म्हणजे,
कसं सांगू…"
हे "कसं सांगू" मी सतरा वेळा मोजलं.
पुढे कुणीच काही सांगितलं नाही.

धनकवडीच्या क्षेत्रीय कार्यालयात
मांडेकरांना विचारलं, तुम्ही दिवसभर "बघू" म्हणता
त्याचा नेमका अर्थ काय?
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
म्हणाले, बघू.

आणि जाताना सगळेच "येतो" म्हणतात,
हे बाहेरच्या परीक्षकाला पटवायला
तीन तळटीपा खर्ची पडल्या.

टेप क्रमांक चौदा घरची.
स्थळ: स्वयंपाकघर, आंबेगाव बुद्रुक.
वक्ता एक: आई. संमतीपत्रावर तिनं
शाळेच्या दाखल्यावरच्यासारखं पूर्ण नाव लिहिलं,
हेमलता यशवंत सुपेकर,
आणि विचारलं, "आता नीट बोलायचं का?"
वक्ता दोन: मी. लॅपटॉपसह.

मार्चमध्ये भरली, नोव्हेंबरात ऐकली.
बावीस मिनिटं. माझे "हं" एकतीस.
चढता हं एकही नाही, प्रश्नाचा नाही,
सगळे नाकातले, सपाट.
"सपाट हं: श्रोता हजर, लक्ष दुसरीकडे."
प्रकरण तिसरं, पान एक्केचाळीस.
मीच लिहिलंय.

वक्ता एक: तलावावर चौकशी केली. साडेसातला बायकांची बॅच असते.
वक्ता दोन: हं.
वक्ता एक: पासष्टच्या पुढच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो.
वक्ता दोन: हं.
वक्ता एक: तो पोशाख कुठे मिळतो, तेवढंच विचारायचं होतं.
सहा दशांश तीन.
कुकरची शिट्टी.
वक्ता एक: भाकरी वाढू का अजून?

हेडफोन गळ्यात तसाच, मी आत गेले.
"आई, ते पोहायचं काय म्हणत होतीस?"
ती मेथी निवडत होती.
"ते होय. ते केव्हाचं."
"मग? मिळाला पोशाख?"
"मिळाला की. कॅम्पात."
"गेलीस कुणाबरोबर?"
"बसनं."

आठ महिने रोज सकाळी तिचे केस ओले होते.
मी समोर बसून चहा प्यायले.
दांडीवरचा तो निळा टॉवेल
मला वाटायचं शेजारच्यांचा.

दुरुस्ती करायची तर कुठे करायची?
कोष्टक चारमध्ये आकडा बरोबरच आहे.

परवा गेले तलावावर.
पायऱ्यांवर क्लोरिनचा वास, रबरी टोप्या,
सगळ्या बायका पाठमोऱ्या सारख्याच.
पाण्यात कुणाचं काही ऐकू येत नाही,
शिट्टी सोडून.
पलीकडच्या कडेशी एक हात वर झाला.
हाक असेल, किंवा "बघ", किंवा
"तू जा, मी येते",
किंवा नुसताच हात, पुढचं पाणी ओढायला उचललेला.

वही पिशवीत होती.
मी पिशवी पायरीवर ठेवली
आणि काठाकाठानं, ओल्या फरशीवरून,
चप्पल हातात घेऊन
तिकडे निघाले.